कुत्र्याला उतरू देतील असं पाणी

माझ्या थोरल्या मुलीचं, गिरिजाचं, लग्न राजूरला गणपतीच्या देवळासमोर लागलं, ते साल १९८८. त्या लग्नात माझा धाकटा भाऊ भुजंग बुंदीचं घमेलं घेऊन पंगतीतून पळत वाढत होता. वऱ्हाडात त्याच्याइतका चपळ माणूस नव्हता. पुढं दोन महिन्यांनी जालन्याच्या एमआयडीसीत, तो कामाला होता त्या सळईच्या कारखान्यात, लाल तापलेली सळई उसळली आणि त्याच्या उजव्या पायाला वेढा घालून गेली.

पाय वाचला, पण गुडघा ताठ झाला. डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरली की रोज पोहायचं. पाण्यात पायावर वजन पडत नाही, गुडघा हळूहळू वाकेल. मुकादम बद्रीनाथ घरी येऊन बसला.

"भुजंग, तुही जागा पुढच्या पावसाळ्यापर्यंत धरून ठेवतो," तो म्हणाला. "उकिडवं बसून दाखव, मंग चिमटा तुझ्या हातात. खाली बसल्याशिवाय सळई धरता येत न्हाई, तुला ठाऊकच हाय."

तेव्हापासून आमच्या घरात एकच गोष्ट चालू राहिली. भुजंग उकिडवा बसतो का. त्याची बायको सोनूबाई बियाणाच्या कारखान्यात रोजानं जाऊ लागली. मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होतो. मोंढा उशिरा उघडायचा, म्हणून सकाळी मी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून पाण्यावर न्यायचो.

भुजंग लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकला होता. मी शिकलो नाही. पण एका पायानं त्याचा तोल राहत नव्हता. पाण्यात तो एका अंगावर कलंडायचा, नाकातोंडात पाणी जायचं. एक दिवस त्याचा कुत्रा बादशा आपणहून पाण्यात शिरला आणि त्याच्या उजव्या बाजूनं पोहू लागला. भुजंगनं कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला तसा तो सरळ झाला. त्या दिवसापासून बादशाशिवाय तो पाण्यात उतरेना. कुत्र्याला दोरी बांधून पाहिली, तर ती दुखऱ्या पायात गुंतली आणि दोघंही बुडता बुडता राहिले. म्हणजे कुत्रा मोकळाच पाहिजे.

माणसाला उतरू देतील असं पाणी जालन्याभोवती पुष्कळ होतं. कुत्र्याला उतरू देतील असं शोधायचं होतं. त्यात त्या साली पिसाळलेलं कुत्रं चावून गावात एक माणूस दगावला होता. मोकळं कुत्रं दिसलं की लोक काठी घेऊन अंगावर यायचे. गावातून जाताना मी बादशाची दोरी हॅण्डलला बांधायचो आणि वस्ती संपली की सोडायचो.

मोती तलावावर पोरांनी दगड मारले. गावाला पाणी पुरवणाऱ्या तलावावर पाटी होती. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, भुजंगनं वाचून दाखवली. पाटी नसती तरी राखणदार होताच.

"तुम्ही दोघं उतरा, मी पाठ फिरवतो," तो म्हणाला. "पण कुत्रं उतरलं तर माही नोकरी जाईल. सगळं गाव हे पाणी पितंय."

कुंडलिका नदीत पावसाळा सरताच डबकी उरली होती. त्यांच्या काठी कुत्र्यांच्या टोळ्या पडून असायच्या. त्यांनी बादशाचा कान फाडला.

झुंबरलाल शेठचा मळा गावाबाहेर होता. विहीर पायऱ्यांची, पाणी स्वच्छ. शेठची पोती मी वाहायचो, म्हणून जाऊन विचारलं.

"भुजंगला आण, रोज आण," शेठ म्हणाले. "पण कुत्रा बिलकुल नको. याच विहिरीचं पाणी घरी जातं. कुत्रा उतरला असं कळलं तर बायको सुगनबाई मला उंबऱ्याच्या आत घेईल का?"

"शेठ, कुत्र्याला आंघोळ घालून आणतो," भुजंग म्हणाला.

"अरे, मला रोज आंघोळ घालून पण ती देवघरात येऊ देत नाही!" शेठ हसले. आम्हीही हसलो आणि सायकल वळवली. जाताना शेठनी बादशासाठी दोन पोळ्या दिल्या.

शेवटी पाणी सापडलं ते एमआयडीसीच्या मागं, बंद पडलेल्या दगडाच्या खदानीत. तीन बाजूंनी उभा कातळ आणि एका बाजूनं गाड्या उतरायची जुनी वाट. पाणी हिरवं आणि खोल. ते कोणी पीत नव्हतं, म्हणून कोणी हाकलतही नव्हतं. कारखान्यातली माणसं कधी कपडे धुवायला यायची, तेवढंच. बादशाची दोरी सोडली की तो कातळावरून धावत सुटायचा. भुजंग म्हणायचा, "दादा, ह्याच्या बापजाद्याची खदान हाय बघ."

सगळा हिवाळा आम्ही गेलो. होळीपर्यंत गुडघा निम्मा वाकला. गुढीपाडव्याला भुजंग बादशाच्या मानेला धरून अंगणात उकिडवा बसला. माझी बायको कांताबाई रडली. सोनूबाई दाराआडून बघत होती. बद्रीनाथ आला, त्यानंही पाहिलं.

"आता कुत्र्याला न धरता बसून दाखव," तो म्हणाला.

"का? दोघांची हजेरी मांडायला जड जातंय का?"

"तुही एकट्याची मांडली तरी मालक मला जाब इचारतो. मिरगाच्या आधी ये. बराबर बसलास की दुसऱ्या दिवशी चिमटा."

आमच्या घरची एक रीत इथं सांगावी लागेल. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नसे. समोर आला तर पदर ओढून पाठ फिरवायची. आणि धाकटा भाऊही थोरल्यासमोर आपल्या बायकोशी बोलायचा नाही. सोनूबाई आमच्या घरात येऊन नऊ वर्षं झाली होती, तिचा आवाज मी फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता. काही सांगायचं असलं तर ती कांताबाईला सांगायची आणि कांताबाई मला.

मे महिन्यात बियाणाच्या कारखान्यात रात्रपाळी सुरू झाली. पेरणीच्या आधी बियाणाला औषध लावायचं काम असतं. औषधानं बी गुलाबी होतं, हातही गुलाबी होतात. फाटकी पोती कारखानदार बायकांना देऊन टाकायचा. ती उसवून, धुऊन, शिवून पावसाळ्यात दाराला आणि कुडाला लावायची, असं सगळ्याच घरांत चालायचं. औषध विषारी आहे हे बायकांना माहीत होतं. म्हणून घरच्या हापशावर ती पोती कोणी धूत नसे.

त्या सकाळी मी भुजंगला घेऊन निघालो. खदानीच्या अलीकडच्या वळणावर सोनूबाई समोरून आली. पाळी संपवून घरी चालली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मला पाहून ती रस्त्याच्या कडेला गेली, पदर ओढला आणि पाठ करून उभी राहिली. भुजंगनं तिच्याकडं पाहिलं नाही. मी घंटी वाजवली नाही, सायकल हळू केली नाही. बादशा मात्र तिच्याकडं गेला, तिचा हात हुंगून परत आला. आम्ही पुढं गेलो.

खदानीत दगडांवर पोती वाळत होती. कोणाची असतील हा विचार आला नाही. बादशा पुढं धावला. वाटेच्या कडेला कातळात एक खोलगट जागा होती. तिथं पाणी साठलेलं असायचं आणि तो रोज आधी तिथं पाणी प्यायचा. मोठ्या हिरव्या पाण्याला तो तोंड लावायचा नाही. मी सायकल लावेपर्यंत तो पिऊन आला होता. मी भुजंगच्या गुडघ्याला तेल चोळलं. त्याला थोडा वेळ गेला.

"दादा, आज मधल्या कातळापर्यंत जाऊन येतो," भुजंग म्हणाला. "मंग घरी जाऊन बसून दाखवतो. कुत्रं न धरता."

दोघं उतरले. भुजंगचा हात बादशाच्या पाठीवर. अर्ध्यावर गेले असतील, तेव्हा बादशाचं डोकं मागं वळलं आणि अंग ताठ झालं. तोंडाला फेस आला. तो पाण्यात धडपडू लागला. भुजंग ओरडला, "बादशा, अरे बादशा!" त्यानं कुत्र्याला सोडलं नाही. दोन्ही हातांनी धरलं. मी दोरी फेकली, ती पोचली नाही. मी रस्त्याकडं धावलो, ओरडलो. शेजारच्या एका कारखान्याची पाळी सुटली होती, दोन माणसं पळत आली, उतरली. भुजंगला वर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत बादशाचे केस होते.

पोत्यांजवळच्या त्या खोलगट जागेतलं पाणी गुलाबी होतं. ते मी तेव्हा पाहिलं.

सोनूबाईला कोणीतरी सांगितलं. ती पळत आली. डोक्यावर पदर नव्हता. तिनं भुजंगकडं पाहिलं, मग बादशाकडं, मग त्या डबक्याकडं, आणि सरळ माझ्या तोंडाकडं पाहून बोलली.

"भाऊजी, कुत्रं पाणी कुठं प्यायचं?"

मी हातानं दाखवलं.

"मोठ्या पाण्यात न्हाई धुतली मी," ती म्हणाली. "हे पोहतात म्हणून. मुद्दाम इथं बाजूला धुतली. तुम्ही समोरून आल्ते, मी सांगणार होते."

मी फेकलेली दोरी गुंडाळू लागलो. मला तिच्याशी बोलायची सवय नव्हती.

लोक म्हणाले, कुत्र्यानं बुडवलं. पोलीस आले, त्यांनीही तेच लिहून घेतलं. आम्ही खोडून काढलं नाही, दोन लेकरांची आई ती. पोती कांताबाईनं खदानीतच जाळली. बद्रीनाथ दहाव्याला आला आणि उठताना म्हणाला की जागा आता दुसऱ्याला द्यावी लागेल. त्याला आम्ही हो म्हटलं.

सोनूबाई पुढं पुष्कळ वर्षं बियाणाच्या कारखान्यात जात राहिली, पोरं मोठी केली. माझ्याशी ती पुन्हा बोलली नाही.

माझा भाऊ भुजंग १९८९ च्या मे महिन्यात, अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात, सकाळी खदानीत बुडून मेला. त्याचा कुत्रा बादशा त्याच्या थोडं आधी मेला.