अत्तराच्या पेटीतली लेन्स

मित्रांनो, कॅमेऱ्याला लावतात ती मी लेन्स. वयानं जुनी आणि स्वभावानं भित्री. काचेच्या जातीला भीती जन्मापासूनच असते. हातातून निसटलं की संपलं, हे मला कारखान्यातच कळलं होतं.

आखाडा बाळापूरच्या तातेरावांनी मला आपल्या फोटो स्टुडिओसाठी घेतलं. औंढ्यापासून कनेरगाव नाक्यापर्यंत मी किती लग्नं पाहिली त्याला गणती नाही. नवरीच्या नथीतला मोतीसुद्धा हिच्यातून सुटत नाही, असं लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. पुढं हाताहातात मोबाइल आले, स्टुडिओला कुलूप लागलं आणि मी मखमली पेटीत जाऊन पडले. तिथल्या अंधारात मला एकच धास्ती होती, बुरशीची. काचेवर बुरशी धरली की लेन्स आंधळी होते.

तातेरावांनाही तीच धास्ती. त्यावर त्यांचा स्वतःचा एक उपाय होता. दर बाजाराच्या दिवशी ते हिन्याच्या अत्तराचा ताजा फाया माझ्या पेटीत ठेवत. अत्तराजवळ बुरशी फिरकत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांना हे कुणी सांगितलं, देव जाणे. पण वीस वर्षं हा नेम चुकला नाही आणि मी एखाद्या लग्नघरासारखी घमघमत राहिले.

त्यांची नात पुजा कॉलेजात कीटकांचा अभ्यास करते. यंदा चैत्र लागताच तिनं मला मागून घेतलं. "जिवापेक्षा जास्त जप हिला," असं बजावून तातेरावांनी पेटी तिच्या हातात दिली. पोरीनं मान डोलावली आणि मग काय करावं? एक रिंग आणून मला कॅमेऱ्यावर चक्क उलटी बसवली. तोंड आत, पाठ बाहेर! असं केलं की मुंगीसुद्धा म्हशीएवढी दिसते म्हणे. दिसते खरी, पण माझे हाल मला विचारा. चार बोटांवरचं तेवढं लख्ख दिसतं, त्यापलीकडं नुसतं धुकं. त्या धुक्यातून कोण येतंय, काही कळत नाही.

घरामागच्या वाडीत लिंबं फुलली होती, शेवग्याला बहर होता. पुजा भल्या सकाळी, कीटक दवानं गारठलेले असताना, पोटावर झोपून मला पुढं सरकवायची. पहिल्याच दिवशी एका कोळ्यानं आठ डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझी उघडी पाठ शहारली. पुजा मात्र श्वास रोखून हसत होती.

वाडीच्या टोकाला विहिरीवर चिंच आहे आणि चिंचेला आग्या मोहोळ. पुजाची आजी मालनबाई रोज बजावत, तिकडं फिरकू नको, केसांना वासाचं तेल लावू नको. पुजा ऐकायची. तेल लावायची नाही, लिंबाच्या अलीकडंच थांबायची. पण माझा वास? या घरात जन्मापासून तो तिच्या नाकात होता. तिला तो वासच वाटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी, ऊन तापू लागलं तेव्हा, लिंबाच्या फुलावरून एक माशी थेट माझ्या काचेवर आली. केवढे ते डोळे! मग दुसरी आली, तिसरी आली. धुक्यात काळे ठिपके वाढत गेले आणि घोंघाट असा चढला की मी आतून थरथरू लागले. पुजाच्या मनगटावर पहिला डंख बसला. पण तिनं मला सोडलं नाही. उलट छातीशी धरलं. अगं सोड, मी मनात ओरडत होते. पण लेन्सला तोंड असतं, आवाज नसतो.

लिंबाच्या बुंध्याशी पावलं वाजली, तातेराव आले होते. ते ओरडले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, "पुजे, ठेव ते खाली."

"आबा, तुमची लेन्स हाय."

"लेन्स मरू दे. सोड, अन् वाकून माह्याकडं ये."

मी मातीत पडले. घोंगडी अंगावर पडल्याचा आवाज आला, धावती पावलं, दार आदळलं. थोड्या वेळानं जीप निघून गेली.

मित्रांनो, तो दिवस मी कसा काढला ते सांगता येणार नाही. माशा माझ्या अंगावरून फिरत होत्या, पण आता त्यांची भीती वाटत नव्हती. जीपमध्ये पोर जिवंत होती का, एवढंच मला कळायला हवं होतं. आणि मला दिसत काय होतं? चार बोटं माती, आणि डंख मारून मेलेल्या एका माशीचा चेहरा.

दिवस कलल्यावर मालनबाई आल्या. मला पदरानं उचलत म्हणाल्या, "लेकरू आता बोलून राहिलं, म्हून तुला उचलून राहिले. न्हाईतर इथंच पुरलं असतं."

मला अजिबात राग आला नाही.

दोन दिवसांनी तातेराव दवाखान्यातून परतले. पुजाला सात डंख होते, त्यांना तीसच्या वर. सुजल्या डोळ्यांनी त्यांनी माझी पेटी उघडली, फाया नाकाशी नेला. मग पुजाला जवळ बोलावून म्हणाले, "मोहोळ मीच बोलावलं, बाई. वीस वर्षं जपलं हिला, अन् जपता जपता तुलाच घालवून बसलो असतो." तिनं त्यांचा सुजलेला हात हातात घेतला. दोघंही रडत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हेच मागतात, की आम्हाला सांभाळा. मीही तेच मागणार होते. पण आता माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातात वडीलधाऱ्यांची एखादी मोलाची वस्तू असेल आणि जिवावर बेतलं, तर कुणाच्या रागाला भिऊन तिला धरून बसू नका. मातीत टाका आणि पळा. आम्ही फुटलो तर फुटलो. तुम्ही घरी पोहोचा.