तीस म्हटलं की सरळ

तिने विमानाच्या रेडिओचं बटण पुन्हा दाबलं. कानात साधी खरखरही नव्हती.

"लाइन मेली?" शेजारच्या सीटवरून आईने विचारलं. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला हे सांगावं लागत नव्हतं.

"हो. घाबरू नकोस."

चहूकडे नुसता पांढरा ढग. रेडिओ गेल्याचा ठरलेला आकडा तिने रडारला खूण पाठवणाऱ्या यंत्रावर लावला. खाली नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तो दिसला की तिथले लोक तिच्या वाटेतली विमानं बाजूला काढणार होते. तिने फक्त आधी कळवलेला मार्ग सोडायचा नव्हता. इथवर ठीक होतं.

मग विमानाचा तोल दाखवणारी तबकडी हळूहळू कलंडायला लागली. विमान सरळच होतं, बाकीचे काटे तसं सांगत होते. पण डोळे राहून राहून त्या खोटारड्या तबकडीकडे जात आणि डोळ्यांमागून हात. तिने नकाशाचा कोपरा टर्रकन फाडला आणि त्या तबकडीच्या काचेवर खोचून ती झाकली. त्या तबकडीच्या जोडीने दिशेची तबकडीही गेली होती. उरलं होकायंत्र; ते वळताना हेलकावे खातं. आता वळणं वेळ मोजूनच घ्यायला हवी होती; ठरावीक वेगाने वळलं की तीस सेकंदांत काटकोन पुरा होतो.

"आई, घड्याळ काढ. मी 'आता' म्हटलं की मोज. तीस सेकंद झाले की सांग."

"एवढंच ना?"

"एवढंच. पण एकही इकडेतिकडे नको."

"आता!" ती म्हणाली.

विमान कलतं झालं. तिने नजर बाकीच्या काट्यांवर ठेवली.

"तीस."

तिने विमान सरळ केलं. होकायंत्र डुचमळलं आणि हव्या त्याच आकड्यावर थांबलं. दुसरं वळणही तसंच. तिसऱ्यानंतर धावपट्टी दाखवणारी सुई मधोमध आली. ती खाली उतरत राहिली. अगदी शेवटी ढग फाटला, समोर ओली धावपट्टी दिसली आणि मनोऱ्यावरचा 'उतर' सांगणारा हिरवा दिवा.

विमान थांबलं, तिने इंजिन बंद केलं.

"घड्याळ झकास आहे हं तुझं," ती म्हणाली.

"घड्याळ कुणी बघितलं? मी डोळे गच्च मिटून घेतले होते."

"मग तीस?"

"ट्रंक कॉलची मिनिटं मनात मोजायची सवय, बाई. अजून जात नाही."

ती हसायला लागली, ते थांबेचना. दार उघडलं, पण ती हसत सीटवरच बसून राहिली. आईच आधी उतरली, वळसा घालून तिच्या बाजूला आली आणि हात वर केला.

"ये. सावकाश."