थापेचा नियम

इस्त्रीवाल्याने पत्त्यांना इस्त्री केली, तिथून सगळं सुरू झालं.

पत्ते सूनबाईचे. सूनबाई म्हणजे दुकानाचे मालक टेलर मास्तरांची सून, दुकानातल्या शिलाई मशीनवर बसणारी. खोक्यात मिळणारा तो रंगीत पत्त्यांचा खेळ तिने आणला आणि कोट शिवणाऱ्या त्या दुकानाला जेवणाच्या सुट्टीत त्याचं वेडच लागलं. रंगावर रंग नाहीतर आकड्यावर आकडा टाकायचा, ज्याचा हात आधी रिकामा तो जिंकला. एकदा पत्त्यांवर चहा सांडला. जगात चुरगळलेलं असं काही नाही जे इस्त्रीने सरळ होत नाही, ही इस्त्रीवाल्याची श्रद्धा. त्याने पत्ते फडक्याखाली घातले आणि वरून गरमागरम इस्त्री दाबली. वितळलेलं प्लास्टिक खरवडण्यात त्याचे दोन दिवस गेले.

"त्यात काय एवढं तोंड पाडायचं?" काकू म्हणाल्या. "साध्या पत्त्यांचे दोन कॅट आणा. मी बसवते त्यात तुमचा खेळ."

काकू बावीस वर्षं कोटाची काजं हाताने करत होत्या आणि बोलण्यातही कुणाला हार जात नव्हत्या. चार रंगांच्या जागी बदाम, चौकट, किल्वर, इस्पिक. दुर्री पडली की पुढच्याने दोन उचलायचे, गुलाम पडला की पुढच्याची पाळी गेली, राणी आली की फेरी उलटी. एक्का टाकणाऱ्याने हवा तो रंग मागायचा. कटिंगच्या टेबलाच्या कडेला काकूंनी खडूने नियम लिहिले, सगळ्यांनी वाहवा केली, काकू फुशारल्या.

पाने वाटली आणि काकूंनी आपली पाने डोळ्यांजवळ नेली. किल्वर कुठलं आणि इस्पिक कुठलं, दिसेचना! निळं-हिरवं हातभर अंतरावरून कळायचं, हे दोन्ही नुसते काळे ठिपके. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता बाईंनी.

डोळे वर्षभर दगा देत होते. धाकट्या जावेकडून रोज दहा सुया ओवून घेऊनच काकू घरून निघायच्या, काजं बोटांच्या अंदाजाने व्हायची. दुकानात कुणाला याचा सुगावा नव्हता. मागे हातशिलाईवाल्या आजोबांची नजर अधू झाली, तेव्हा मास्तरांनी त्यांना बटणं निवडायला बसवलं होतं. महिन्याभरात आजोबा यायचेच थांबले. काकूंना त्या बटणांच्या डब्याची मनापासून भीती वाटायची.

दुसऱ्याच फेरीत त्यांनी इस्पिकवर किल्वर टाकलं.

"काकू, अहो हे किल्वर आहे!" सूनबाई हसली. मास्तरांनीही मान वर केली.

"माहितेय मला," काकू ठसक्यात म्हणाल्या. "बघत होते, तुमचं लक्ष आहे का. अजून एक नियम सांगायचा राहिलाय. पत्ता पालथा टाकायचा आणि तोंडाने नाव सांगायचं. थाप मारली तरी चालेल. संशय आला तर 'उलट' म्हणा. थाप निघाली तर मारणाऱ्याने दोन उचलायचे, खरं निघालं तर म्हणणाऱ्याने."

खेळाला अशी काही रंगत चढली की विचारू नका. इस्त्रीवाला थाप मारताना नाक खाजवायचा, सूनबाईला हसू फुटायचं. काकूंचा चेहरा मात्र कुणाला वाचता येईना. येणार कसा? आपण खरं बोलतोय की खोटं, हे त्या माउलीलाच ठाऊक नव्हतं! पंधरा दिवस काकू जिंकत राहिल्या आणि इस्त्रीवाला त्यांना चक्क गुरू म्हणू लागला.

मग तो डाव आला. काकूंच्या हातात एकच पत्ता, आणि सूनबाईने एक्का टाकून इस्पिक मागितलं. काकूंनी डोळे बारीक केले. किल्वरच असणार! आता मुद्दाम थाप मारणं आलं. त्यांनी पत्ता पालथा टाकला. "इस्पिकची नव्वी."

काकूंच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"उलट!" मास्तर ओरडले आणि त्यांनीच पत्ता उलटला. इस्पिकची नव्वी.

"अगंबाई, हे कसं झालं?" काकूंच्या तोंडून निघून गेलं.

इस्त्रीवाल्याने टाळ्या पिटल्या. मास्तर मात्र हसले नाहीत. "काकू," ते हळूच म्हणाले, "खरं निघालं म्हणून दचकणारी तुम्ही पहिलीच. कधीपासून दिसत नाही?"

काकूंना रडू आलं. "बटणांना बसवू नका हो मला. काजं चुकलीत का माझी?"

"दोनदा चुकली. मी उसवून पुन्हा केली. तुम्ही घाईत असाल असं वाटलं." मास्तर थोडे ओशाळले. "आजोबांना कुणी डोळे दाखवायला सांगितलंच नाही, मीही नाही. ते मला अजून सलतं. तुम्ही उद्याच डॉक्टरांकडे जा. चष्मा येईपर्यंत बटणं, नंतर काजं तुमचीच."

चार दिवस काकूंनी बटणं निवडली, तीही तोंड फुगवून. पाचव्या दिवशी चष्मा लावून आल्या, स्वतःच्या हाताने सुई ओवली आणि उगाचच सगळ्यांना दाखवत फिरल्या. मागच्या कोटाचं एक काज निरखून त्यांनी गुपचूप उसवलंही.

सुट्टीत पाने वाटली गेली. किल्वर किल्वरासारखं, इस्पिक इस्पिकासारखं, लख्ख! काकूंनी ऐटीत पत्ता पालथा टाकला. "किल्वरची सत्ती."

तिघांनी एका सुरात आरोळी ठोकली, "उलट!"

चौकटची तिर्री निघाली. काकूंचे कान चष्म्याच्या काड्यांखाली टोमॅटोसारखे फुलले होते. त्या दिवशी त्या सलग पाच डाव हरल्या. सहाव्याला त्यांनी हळूच चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काकू," मास्तर हातातली पाने लावत म्हणाले, "चष्मा लावा."