खोबरेल लावलेली होडी

कारखान्यात झुहुराचं काम धागे तपासायचं: घायपाताचा एकेक धागा राळेच्या थेंबात रुतवायचा, थेंब सुकला की यंत्राच्या एका चिमट्यात थेंब, दुसऱ्यात धागा, आणि ओढायचं. राळेने नीट धरलं असेल तर धागा तुटतो, पण सुटत नाही. आज तिने ओढलेला धागा मात्र नुकताच न्हाऊन आल्यासारखा सबंध बाहेर आला. तिने तो हुंगला. खोबरेल.

तिचं डोकं फिरलं. याच धाग्यांची आणि राळेची होडी बाहेर तयार होती आणि उद्या पाहुण्यांसमोर तिचा भाऊ कोंबो ती पहिल्यांदा समुद्रात नेणार होता.

ती तडक मॅनेजर शेमदोंच्या खोलीत गेली. ते चपाती चहात बुडवत होते. पण तांगा शहरात कितीही संताप आला तरी वडीलधाऱ्यांना आधी नमस्कार लागतो.

"शिकामो, म्झे."

"माराहाबा, पोरी. आई बरी?"

"बरी."

"बकऱ्या?"

"त्याही बऱ्या. धाग्यांना तेल कुणी लावलं?"

"मीच लावायला सांगितलं. पाहुण्यांपुढे पोरीला पिंजारलेल्या केसांनी उभी करतात का?"

"तेलामुळे राळ धरत नाही, म्झे. धागा निसटून येतो."

"तुटला?"

"नाही. तेच तर—"

"मग मजबूत आहे की. चहा घे."

कोंबोला सांगितलं तर तो म्हणाला, "आता कसं नाही म्हणू, ताई? मॅनेजरांनी नवी टोपी दिलीय."

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ढोल वाजत होते. कोंबो नवी टोपी घालून होडीपाशी उभा. झुहुरा गर्दीतून घुसली, होडीच्या काठावरचा एक धागा चिमटीत धरला आणि सगळ्यांदेखत उपसला. मग दुसरा. मग मूठभर.

कुणीतरी ओरडेल, होडी थांबवेल, असं तिला वाटलं होतं.

"अगंबाई, किती मऊ," मुख्य पाहुण्यांची बायको म्हणाली. "वाससुद्धा छान. मला टोपलीपुरते मिळतील?"

मग काय, सगळ्यांनाच हवे झाले. एक बँडवाला ढोल ठेवून आला. शेमदो स्वतः उपसून वाटायला लागले, वर माइकवरून सांगत होते, "बघा, एकही तुटत नाही."

होडीच्या कुशीला पडलेल्या आरपार भगदाडातून पलीकडचा समुद्र दिसायला लागला, तेव्हा झुहुराने माइक हिसकावून घेतला.

"म्झे, पहिली फेरी तुमची. बसा."

ढोल थांबले. शेमदोंनी भगदाडाकडे पाहिलं, हातातल्या जुडीकडे पाहिलं.

"मला पोहता येत नाही, पोरी," ते हळूच म्हणाले. माइक चालूच होता.

"कोंबोलाही येत नाही," झुहुरा म्हणाली.

कोंबोने टोपी काढून होडीत ठेवली. ती भगदाडातून घसरून खाली वाळूत पडली.