आईचा राग आणि सिंकचं पाणी

सकाळी आठलाच आमच्या स्वयंपाकघरात सतरा माणसं उभी होती आणि सगळी सिंककडे पाहत होती. मंत्र म्हणायला बोलावलेल्या महाराजांनी आधी तुंबलेलं 'अशुद्ध' पाणी उपसायला लावलं. मग किटलीतलं वाफाळतं पाणी ओतत डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. थोड्या वेळात सिंकनं गुळगुळ आवाज केला आणि पाणी उतरलं.

“शांत झाल्या गं तुझ्या आई,” शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या.

“आजच्यापुरत्या,” महाराज म्हणाले. “आत्मा मानी आहे. उद्या पुन्हा अडेल.”

हे भाकीत चार दिवस तंतोतंत खरं ठरत होतं. आईला जाऊन पंधरा दिवस झाले होते. ती घरी मेणबत्त्या करून विकायची. ती असताना सिंक कधी तुंबलं नाही, ती गेल्यावर तुंबलं. महाराजांना एवढा पुरावा पुरला. “घरधन्याचं काहीतरी चुकलंय,” असं त्यांनी निदान केलं, आणि तेव्हापासून बाबांचं जेवण सुटलं. सिंकसमोर उभं राहून ते हळूच विचारत, “काय चुकलं गं माझं?” आई जिवंत असताना हा प्रश्न त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

मला आईसाठी रडायचं होतं. सिंकमधल्या बाईशी माझी ओळख नव्हती.

पाचव्या दिवशी मी म्हटलं, “महाराज, आज मंत्र थंड पाण्यावर म्हणा.”

“थंड पाण्यात शक्ती उतरत नाही, ताई.”

“असं कसं? आई तर बारा महिने थंड पाण्यानंच अंघोळ करायची.”

“ते मात्र खरं हो,” काकू म्हणाल्या.

आता माघार घेता येईना. महाराजांनी थंड पाणी ओतून मंत्र म्हटला. मग मोठ्यानं म्हटला. तिसऱ्यांदा चालीवर म्हटला. पाणी जागचं हललं नाही.

“आज फारच रागावल्यात,” महाराज म्हणाले.

“मग मी समजूत काढते,” म्हणत मी पाणी उपसलं, सिंकखाली बादली ठेवली आणि पाइपाचं वाकण फिरवून सोडवलं. आत पांढरं काहीतरी गच्च बसलं होतं. चमच्याच्या दांड्यानं ढकललं, तसं बाहेर आलं, हुबेहूब वाकणाच्या आकाराचं. काकूंनी वास घेतला.

“अगं, हे तर मेण.”

महाराज चपला शोधू लागले.

आई मेणाची पातेली कधीच सिंकमध्ये धूत नसे. कोमट असतानाच जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घ्यायची. “ती गेल्यावर राहिलेली पातेली कुणी धुतली?” मी विचारलं.

“मी,” बाबा म्हणाले. “उकळत्या पाण्यानं. म्हटलं, तिच्या वस्तू मळक्या राहायला नकोत.”

मेण वितळून खाली गेलं आणि थंड वाकणात गोठलं. महाराजांची किटली त्यातून रोज जराशी वाट करून द्यायची. पाणी निवलं की मेण पुन्हा घट्ट व्हायचं. चमत्कार तो एवढाच.

“म्हणजे चूक माझीच,” बाबा म्हणाले.

“हो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा भांडी घासलीत, तीही अशी.”

ते हसले, मग बराच वेळ रडले, आणि मग म्हणाले, “वाढ गं जेवायला.” जेवण झाल्यावर स्वतःचं ताट धुवायला उठले. मी ते हातातून काढून घेतलं.

घरात काही अडलं, तर आधी तिथे काय ओतलं होतं ते विचारा. गेलेल्या माणसाला सगळ्यात शेवटी विचारा. त्याला घाई नसते.