काळ्या तारेवरचं बोट

बाबांना कुठलीही वस्तू दाबून बसवलेली खपत नाही. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली आणि त्या चाळीस वर्षांचं सार ते एका वाक्यात सांगतात: जोर लावावा लागला म्हणजे जागा चुकली. आमच्या घरात बरणी झाकणाला धरून उचलायची नाही, हे मी लहानपणीच शिकले. झाकण हातात येतं आणि बरणी पायावर.

हे सगळं माहीत असून मुलाखतीच्या दिवशी लॅपटॉप मी त्यांच्या हाती दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुलाखत दुपारी चारला होती. पहिल्यांदा झाली तेव्हा सातव्या मिनिटाला वायफाय गेलं, आणि मी परत जोडून घेईपर्यंत समोरचे तिघं उठून गेले होते. शाळेच्या कारकुनाला चार फोन केले, तेव्हा कुठे त्याने दुसरी वेळ दिली. "पण बाई, या खेपेला तुटलं तर तुटलं. पुढच्या उमेदवाराला बोलावणार," असंही बजावलं. कायमची नोकरी होती, भौतिकशास्त्र शिकवायची. अकरा वर्षं मी वर्षावर्षाच्या करारावर शिकवतेय. आता एकेचाळीस पूर्ण झाली आणि बेचाळीसनंतर ते अर्जच घेत नाहीत. म्हणजे ही गेली की संपलं.

त्यांचं सॉफ्टवेअर फोनवर चालत नाही, आणि घरात फोनचं नेटही जेमतेम, म्हणजे हॉटस्पॉटही नाही. राउटर खालच्या मजल्यावर मालकीणबाईंकडे, तेव्हा केबल ओढायची सोय नाही. लॅपटॉप नऊ वर्षांचा. दुकानदार म्हणाला, आतलं वायफाय कार्ड जुनं झालंय, नवं घाला. एक स्क्रू, दोन तारा, पाच मिनिटांचं काम. त्याच्यासाठी पाच मिनिटांचं. बाबांनी सकाळी दहाला खिडकीजवळचं टेबल पुसलं, डोळ्याला भिंग लावलं, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीखाली झाकून ठेवला. उजवा हात थरथरायला लागून त्यांना दोन वर्षं झाली, दुकान तेव्हाच बंद केलं. त्यामुळे मी घाई केली नाही. मध्ये दोनदा त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला, तेही पाहिलं नाही असं केलं.

साडेतीनला, मागचं झाकण न लावता, टेबलाच्या कडेला पालथाच ठेवून लॅपटॉप सुरू केला. कार्ड दिसत होतं, सिग्नलची एकच दांडी होती, आणि तीही येऊन-जाऊन.

मी दुकानदाराला स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, "तारांच्या टोप्या नीट बसल्या नसतील. टक् असा आवाज येईपर्यंत दाबा."

"बसवल्यात मी," बाबा म्हणाले.

"दाबल्यात का?" मी विचारलं.

"दाबायच्या कशाला? बरोबर जागेवर ठेवल्यात."

मोहरीहून जराशा मोठ्या त्या सोनेरी टोप्या, एक पांढऱ्या तारेची आणि एक काळ्या. दोन्ही कार्डावरच्या बटणांवर अलगद ठेवलेल्या होत्या. इतक्या अलगद, की मी फुंकर मारली असती तर उडाल्या असत्या.

"बाबा, सरका."

"थांब, मी बघतो."

"सरका म्हणते ना."

पांढरी टकदिशी बसली. काळी मात्र मी रागाच्या भरात तिरपी दाबली. टक् झालं नाही, कर्र असं काहीतरी झालं. अंगठा उचलला तर टोपीही अंगठ्याबरोबर वर आली.

बाबांनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"टोपीचं कडं फाकलं," ते म्हणाले.

"नीट होईल?"

"दोन वर्षांपूर्वी केलं असतं."

घड्याळात पावणेचार. एका पांढऱ्या तारेवर खालच्या मजल्यावरचा सिग्नल पुरत नव्हता. मालकीणबाई गावाला गेलेल्या, त्यांच्या दाराला कुलूप. मी उगाच खुर्ची इकडची तिकडे केली, ओढणी नीट केली, केस पुन्हा बांधले. तेवढ्यात बाबांनी काळ्या तारेची टोपी बटणावर ठेवली, तिच्यावर बोट टेकवलं आणि दाबलं. पडद्यावर चारही दांड्या भरल्या.

"धरतो मी," ते म्हणाले.

"पाऊण तास? तुमचा हात..."

"काही धरलं की नाही थरथरत. रिकामा असला की त्याला नखरे सुचतात."

पुस्तकांच्या दोन थप्प्या रचल्या, त्यांवर लॅपटॉप ठेवला. बाबा पलीकडे, पडद्यामागे बसले आणि थप्प्यांच्या मधून हात आत घातला. कॅमेऱ्याला ते दिसत नव्हते. मला पडद्याच्या वरून त्यांचं टक्कल आणि भिंग दिसत होतं.

आणि चारला दोन मिनिटं कमी असताना माझ्या लक्षात आलं, की यांना सगळं ऐकू येणार आहे.

नोकरीच्या जागेबद्दल मी त्यांना ताकास तूर लागू दिली नव्हती. शाळा गावाबाहेर आहे, एका बसचं अंतर आहे, असं सांगितलं होतं. शाळा निवासी होती. भौतिकशास्त्राच्या बाईंनी मुलींच्या वसतिगृहातच राहायचं होतं, एकटीने, एका खोलीत. आईला जाऊन बारा वर्षं झाली. शर्टाची बटणं बाबांना आता स्वतःला लावता येत नाहीत. निवड झाली की सांगू, असं म्हणत मी दिवस ढकलत होते. आता इअरफोन आतल्या कपाटात, आणि पडद्यावर तीन चेहरे उघडलेले.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. भिंगातून प्रतिमा उलटी का दिसते, हे सातवीच्या मुलीला कसं समजवाल, असं विषयतज्ज्ञांनी विचारलं. मी उत्तर देत होते आणि एक डोळा दांड्यांवर होता. एकदा चाराच्या तीन झाल्या. माझी पाचावर धारण बसली. पलीकडे बाबांनी खांदा जरा हलवला आणि परत चार झाल्या.

मग मुख्याध्यापिका पुढे झुकल्या. "शाळा तुमच्या गावापासून पाच तासांवर आहे, आणि राहायचं इथेच. महिन्यातून एकदाच घरी जाता येईल. तुमची तयारी आहे ना?"

मी तोंड उघडलं.

पडद्याच्या वरून बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली होती. एका डोळ्याला भिंग, दुसरा डोळा माझ्यावर. त्यांनी काही करायची गरज नव्हती. नुसतं बोट उचललं असतं, की मुलाखत संपली असती, मी घरातच राहिले असते, आणि कोणाला काही कळलं नसतं. दुखत होतं, निसटलं, एवढं म्हणाले असते तर मीच त्यांची समजूत काढली असती. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, उचला ना. मला उत्तर तरी द्यावं लागणार नाही.

"बाई, आवाज येतोय का?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. कारकून बाजूला पुटपुटला, "चित्र थांबलंय. परत गेलं वाटतं यांचं."

चारही दांड्या भरलेल्या होत्या. बाबांचा खांदा ताठ झाला. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि हनुवटीने मला खूण केली. दुकानात गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की करायचे तशी, वैतागून. बोल.

"येतोय आवाज," मी म्हणाले. "माझी तयारी आहे."

"घरून काही अडचण?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली. जोरात, दोनदा.

"नाही," मी म्हणाले.

आठवड्याभरात कळवतो म्हणून चेहरे एकेक करून बंद झाले. मी म्हणाले, "बाबा, संपलं." त्यांना हात लगेच बाहेर काढता येईना. मी थप्पी सरकवली. बोटाच्या टोकावर त्या टोपीचं लहानसं गोल रुतलं होतं, आणि बोट मोकळं झाल्याबरोबर अख्खा हात थरथरायला लागला. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरला. त्यांनी धरू दिला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जाऊ नको म्हणाला असता."

त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"म्हणालो असतो," ते म्हणाले.