पेंकोचा खर्ज

मित्रांनो, गाब्रोवो गावातल्या एका तळघरातल्या दुरुस्तीच्या दुकानात, वरच्या फळीवर माझा मुक्काम आहे. मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. नाव अवघड, पण काम सोपे: विजेची लाट डोळ्यांना दाखवायची. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे डोलते. माझ्या हिरव्या काचेवर तो डोल नागमोडी रेघ होऊन चालतो.

राडकोने मला आणले तेव्हा तो तिशीत होता. माझ्याशिवाय त्याचे पान हलत नसे. रेडिओत घुसलेली या विजेची गुणगुण काढायला तो रोधक आणि कपॅसिटर जोडून चाळणी बनवी. कपॅसिटर संथ लाटांना अडवतो आणि वेगवान लाटांना वाट देतो. चाळणी झाली की आधी संथ, मग वेगवान लाटा सोडून कोणती किती उरते ते तो माझ्यावर पाही. "कागद खोटं बोलेल, हा डबा नाही बोलणार," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. मी फुशारून जात असे, खोटे कशाला बोलू?

पण आमचे गाव पडले काटकसरी. दार लवकर लागावे, ऊब जाऊ नये म्हणून इथे मांजराची शेपटीही कापतात, अशी थट्टा जगभर चालते. मला तापायला दहा मिनिटे लागतात. तेवढी वीजही राडकोला जड वाटू लागली. माझ्यावर मेणकापड पडले आणि वर्षे गेली.

गेल्या शरदात शेजारची स्तामेना एक टेप घेऊन आली. तिचा नवरा पेंको नुकताच गेला होता.

"राडको, एवढाच त्याचा आवाज उरलाय रे. त्याच्या चाळिसाव्या दिवशी, रीतीप्रमाणं उकडलेले गहू वाटताना सगळ्यांना ऐकवीन म्हणते. पण नुसती घुंऽऽ घुंऽऽ चाललीय."

"काढतो ना वहिनी! पण फीत पार सडलीय. एकदाच वाजेल, तेवढ्यात कॅसेटवर उतरवतो."

राडकोने गणित मांडले. सेकंदाला दीडशे डोलांच्या खालचे सगळे अडवायचे होते. डोलांच्या आकड्याला 2π ने, म्हणजे सहापेक्षा थोड्या जास्तने, एकदा गुणायचे असते. त्याने गुणले, मसुराचे सूप प्यायला उठला, आणि परत येऊन आलेल्या उत्तरालाच पुन्हा गुणले. चाळणीची सीमा दीडशेऐवजी सहापट वर, साडेनऊशेच्या आसपास गेली. एकापुढे एक तीन चाळण्या, तिन्ही तशाच! मी कापडाखाली होतो. दहा मिनिटांत दाखवले असते.

फीत सुरू झाली. गुणगुण गेलेली ऐकून तो खूश झाला आणि त्याने लगेच स्पीकर बंद केला. नवरा-बायकोचे बोलणे परक्याने ऐकू नये, एवढे सौजन्य त्याच्यात होते. आवाज धरून ठेवणारी फितीवरची तपकिरी भुकटी झडत राहिली आणि कॅसेट भरत गेली.

दुसऱ्या दिवशी स्तामेनाने ती ऐकली.

"हा कोण?"

"अहो, पेंको!"

"माझा पेंको छातीतून बोलायचा. टेबलावरचे पेले थरथरायचे! हे तर डब्यात अडकलेलं चिलट बोलतंय."

राडकोचा चेहरा उतरला. त्याने माझ्यावरचे कापड ओढून काढले, मला सुरू केले, चाळणीत संथ लाटा सोडल्या. माझी रेघ जेमतेम हलली. माणसाच्या खर्जाची जागा होती ती. त्याने कॅसेटवरचे खालचे सूर वाढवून पाहिले, तर घरघर तेवढी वाढली.

"वहिनी, चुकलो मी."

"मग परत वाजव की."

त्याने तिला फीत दाखवली. ती आरपार दिसत होती. स्तामेना रडली नाही. तिने फीत पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "माझ्याकडं निदान गुणगुणीत तरी होता रे तो."

चाळिसाव्याला तिने गहू वाटले. आवाजाचे कोणी विचारले तर "यंत्र बिघडलंय" म्हणाली. मित्रांनो, यंत्र बिघडले नव्हते. ते मला फार लागले.

तुमच्या घरी एखादे जुने मापायचे साधन असेल तर त्याला झाकून ठेवू नका. गणित कितीही चोख वाटो, एकदा त्याला विचारून घ्या.

राडको आता मला रोज सुरू करतो. काहीच जोडत नाही. मी सरळ रेघ दाखवतो आणि दुकान बंद करेपर्यंत तो तिच्याकडे बघत बसतो.